राष्ट्राध्यक्षपदाच्या आव्हानवीराने प्रचार अर्थव्यवस्थेवर करावा की युद्धावर?

तुमचा प्रश्न अमेरिकेपुरता धरून उत्तर देतो, कारण २००४ची निवडणूक मी ओहायोत राहून पाहिली. एच-वन व्हिसावर होतो, मत देता येत नव्हतं, पण त्या वर्षी ओहायोत ज्याच्या त्याच्या तोंडी निवडणूकच होती.

माझं मत आधी सांगतो. सैनिक लढत असताना आव्हानवीराला युद्ध टाळून चालत नाही. युद्धाबद्दल काय करणार ते आधी एका वाक्यात, न अडखळता सांगायचं आणि मग उरलेला सगळा वेळ पगार, नोकरी, दवाखान्याचं बिल यावर बोलायचं. युद्धाचं उत्तर कच्चं असेल तर अर्थव्यवस्थेवरचं पक्कं उत्तरही लोकांच्या कानापर्यंत पोचत नाही.

या प्रश्नावर हमखास १९९२चा दाखला दिला जातो. आखाती युद्धानंतर तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांची लोकप्रियता गॅलपच्या पाहणीत ८९ टक्क्यांवर गेली होती, तरी पुढच्याच वर्षी त्यांना जेमतेम ३७ टक्के मतं पडली. त्यांचे आव्हानवीर क्लिंटन यांचे सल्लागार जेम्स कारव्हिल यांनी लिटल रॉकच्या प्रचार कार्यालयात लावलेली ‘मुद्दा अर्थव्यवस्थेचा आहे, बावळटा’ अशा अर्थाची पाटी तर जगप्रसिद्ध झाली. पण तोवर युद्ध संपलं होतं, सैनिक घरी परतले होते. क्लिंटनना रान मोकळं होतं आणि त्यांनी ते उत्तम वापरलं. रिचमंडच्या वादसभेत एका बाईंनी विचारलं की राष्ट्रीय कर्जाचा तुम्हाला स्वतःला काय फटका बसला? बुश गोंधळले. त्याच सभेत घड्याळात बघतानाही ते कॅमेऱ्यात सापडले. क्लिंटन मात्र चालत त्या बाईंच्या समोर गेले, तुमच्यावर काय परिणाम झाला ते पुन्हा सांगा म्हणाले आणि माझ्या राज्यात कारखाना बंद पडला तर तो चालवणारी माणसं माझ्या ओळखीची असतात, असं सांगितलं. अर्थव्यवस्थेवर प्रचार करायचा तो असा. विकासदराच्या आकड्यांनी कुणाचं पोट भरत नाही.

२००४ला रान मोकळं नव्हतं. डेमोक्रॅटिक पक्षाचे आव्हानवीर, सेनेटर जॉन केरींच्या हाती अर्थव्यवस्थेचं आयतं कोलीत होतं. एप्रिल २००३मध्ये राष्ट्राध्यक्ष धाकट्या बुश यांनी करकपातीचं भाषण ओहायोतल्या कँटन गावातल्या टिमकेन या बेअरिंग बनवणाऱ्या कंपनीत केलं आणि वर्षभरातच, मे २००४मध्ये, त्याच कंपनीने कँटनचे तीन कारखाने बंद करण्याचं जाहीर केलं. सुमारे १,३०० नोकऱ्यांचा प्रश्न होता. आव्हानवीराला याहून काय हवं?

पण केरींचं युद्धावरचं उत्तर डळमळत होतं. २००२ला त्यांनी इराकवर लष्करी कारवाईचा अधिकार देणाऱ्या ठरावाला पाठिंबा दिला. पुढच्या वर्षी ८७ अब्ज डॉलरच्या युद्धखर्चाला विरोध केला. मग मार्च २००४मध्ये हंटिंग्टनच्या सभेत म्हणाले की त्या ८७ अब्जांच्या विरोधात मत देण्याआधी मी बाजूनेही मत दिलं होतं. संसदेच्या कामकाजात ते खरंही होतं, पण बुश यांच्या जाहिरातींनी ते वाक्य घरोघरी वाजवलं. बॉस्टनच्या अधिवेशनात सलाम ठोकून ‘कामावर रुजू होतोय’ म्हणत त्यांनी व्हिएतनाम युद्धातली आपली लष्करी सेवा पुढे केली. इराकमध्ये नेमकं काय करणार हे त्या सलामातून कळत नव्हतं.

आमच्या शेजारच्या बाई एका सुट्या भागांच्या कारखान्यात होत्या. शिफ्ट कमी झाल्या होत्या, हातात येणारा पगारही. मुलगा इराकमध्ये. ऑक्टोबरमध्ये कुंपणाच्या दोन बाजूंनी आम्ही अंगणातली पानं ओढत होतो, तेव्हा मी अगदी तुमचाच प्रश्न त्यांना विचारला. दाताळं झाडाला टेकवून त्या म्हणाल्या, “नोकरी गेली तर दुसरी शोधेन. त्याला परत कधी आणणार, कसं आणणार, हे आधी मला कुणीतरी सांगा.” मला तेव्हा वाईट वाटलं, कारण केरी त्यांच्या पगाराबद्दल जे बोलत होते ते बरोबर होतं.

मतदानानंतरच्या पाहणीचे आकडे नीट बघा. ज्यांना अर्थव्यवस्था सर्वांत महत्त्वाची वाटली त्यांतल्या ८० टक्क्यांनी केरींना मत दिलं, इराक महत्त्वाचा वाटला त्यांतल्या ७३ टक्क्यांनीही. दहशतवाद म्हणणाऱ्यांतले ८६ टक्के बुश यांच्याकडे गेले. म्हणजे इराकवर लोक केरींचं ऐकायला तयार होते. घात झाला तो ‘आपल्याला सांभाळेल कोण’ या प्रश्नावर.

एका वाक्याचं उत्तर काय करू शकतं याचा नमुना १९५२चा. कोरियात युद्ध चालू होतं आणि निवडणूक अकरा दिवसांवर असताना विरोधी पक्षाचे उमेदवार आयझेनहॉवर डेट्रॉइटमध्ये म्हणाले, “मी कोरियाला जाईन.” अर्थात ते पंचतारांकित जनरल होते, त्यांच्या शब्दाला ते वजन होतं. नुसत्या स्पष्टपणाने भागत नाही हेही खरं. १९७२ला मॅकगव्हर्न व्हिएतनामवर पुरेसे स्पष्ट होते आणि ४९ राज्यं हरले, कारण राष्ट्राध्यक्ष निक्सन तोवर सैन्य परत आणू लागले होते.

दोन्ही मुद्दे एका दमात मांडण्यात मला रेगन सर्वांत सरस वाटतात. ऑक्टोबर १९८०, क्लीव्हलँड, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्याशी झालेल्या वादसभेतलं समारोपाचं भाषण. इराणमध्ये ५२ अमेरिकी ओलीस होते, महागाई भडकली होती. चार वर्षांपूर्वीपेक्षा तुमचं बरं चाललंय का, इथून त्यांनी सुरुवात केली. मग दुकानातली खरेदी, मग बेकारी आणि त्याच ओघात, जगात अमेरिकेचा मान पूर्वीइतका राहिला आहे का? ऐकणारा स्वयंपाकघरातून निघून तेहरानपर्यंत पोचायचा आणि वाटेत मुद्दा बदलल्याचं त्याला जाणवायचंही नाही.

कँटन ज्या स्टार्क काउंटीत येतं, ती २०००ला बुश यांची होती. २००४ला केरींनी ती जिंकली. राज्यभरात मात्र ते सुमारे १ लाख १८ हजार मतांनी मागे राहिले आणि ओहायोच्या इलेक्टोरल कॉलेजच्या (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या राज्यवार प्रतिनिधींच्या) २० मतांबरोबर राष्ट्राध्यक्षपदही गेलं.