थांबवू शकणाऱ्याला आधी भेट

प्रिय मुला,

घराच्या बांधकामाचा तुझा तक्ता पाहिला. रंग छान आहेत. पाया, जोतं, चिऱ्यांच्या भिंती, छप्पर, सगळं चतुर्थीच्या आत बसवलंयस. पण त्यात माणूस एकही नाही. सुरुवात कुठून करू ते कळत नाही म्हणतोस, तर एवढंच सांग: हे काम कोण कोण थांबवू शकतं?

मालक मुंबईला, घर डिचोलीचं, वडिलोपार्जित. म्हणजे भावंडांचा वाटा आला. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीचा हिस्सा मुलाइतकाच, शिवाय लग्न झालेल्यांच्या नवराबायकोचाही हक्क बघावा लागतो. एखादा मेहुणा पंचायतीत तक्रार टाकेल आणि तुझा तक्ता लॅपटॉपातच राहील. भेटलास यांना? नाही ना? मग कुदळ मारायची नाही.

थांबवू शकणाऱ्याला आधी भेट. कोकण रेल्वेचंच बघ. महामंडळ १९९० साली झालं, प्रमुख ई. श्रीधरन. तरी गोव्यात मार्गावरून विरोध पेटला आणि काम अडलं. पुढे पेडण्याच्या बोगद्यात ओली माती ढासळत राहिली. बाकी मार्ग तयार असूनही सलग गाडी धावायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. इतका कातळ फोडला, पण अडवलं मातीने. म्हणून माती, पाऊस हेही तुझ्या यादीत हवेत. चिरेखाणीत पाणी भरायच्या आधी, मे महिन्यातच चिरे अंगणात उतरव. चतुर्थीत गवंडी मिळणार नाही, ते आत्ताच लिही. तेव्हा त्याच्यावर ओरडून काय उपयोग?

मला लोक खडूस म्हणतात. फोंड्याच्या एका कामात मालकाच्या सहहिस्सेदार काकाची सही येईना, म्हणून मी थांबलो. मालकाने काम दुसऱ्याला दिलं, आणि त्याने ते वेळेत पूर्णही केलं. काका गप्प बसला, झालं. त्यापायी माझी जुनी भागीदारी तुटली. त्याचं वाईट आजही वाटतं. थांबल्याचं मात्र नाही. काका गप्प बसेल हे कुणाला ठाऊक होतं? भागीदाराला तरी होतं का?

असो. मालकाची थोरली बहीण डिचोलीतच राहते, असं तूच म्हणालास. रविवारी तिच्याकडे जा. नकाशा दाखवू नकोस, तिचं म्हणणं काय ते फक्त विचार, आणि ती सांगेल ते लिहून घे. घरी आलास की मला फोन कर. तक्ता मग बघू.

तुझा,
काका