साठी ओलांडलेल्या आईवडिलांना घेऊन हरिहरेश्वरची समुद्राकडची प्रदक्षिणा करता येईल का? की नुसतं वरून बघून परत यावं?

करता येईल, पण वेळ तुम्ही ठरवायची नाही, भरती-ओहोटी ठरवते. माझं सासर म्हसळ्याजवळ आहे, त्यामुळे गेली बरीच वर्षं दरवेळी एक चक्कर होतेच आणि दरवेळी कोणीतरी भर भरतीत त्या कातळावर सेल्फी काढताना दिसतं, जीव घाबरा होतो अगदी.

आधी वाट कशी आहे ते सांगते. काळभैरवाचं दर्शन, मग हरिहरेश्वर, मग परत काळभैरव असा तिथला क्रम. देवळामागून पायऱ्या चढून टेकडीवर जायचं, आणि मग एकदम दोन उभ्या कड्यांच्या मधल्या घळीतून खाली उतरणाऱ्या पायऱ्या लागतात. उतार चांगलाच तीव्र आहे, वारा अंगावर येतो, आणि समोर घळीच्या फटीतून फक्त समुद्र. मला अख्ख्या कोकणात ही जागा सगळ्यात जास्त आवडते. खाली उतरलं की उजव्या हाताला डोंगर, डाव्या हाताला समुद्र आणि पायाखाली सपाट काळा कातळ, त्यावरून डोंगराला वळसा घालत परत देवळाकडे. निवांत चाललं तर पाऊण-एक तास.

चालताना डोंगराच्या भिंतीकडे नक्की बघा, मधाच्या पोळ्यासारखी छिद्रंच छिद्रं दिसतील. लाटांचं खारं पाणी दगडात मुरतं, ऊन लागलं की पाणी उडून जातं पण मिठाचे खडे आत वाढत राहतात आणि दगडाचा कण न् कण सुटा करतात, अशी ती जाळी तयार होते. माझ्या मुलाला हे सांगितलं तर तो अर्धा तास तिथून हलेना.

आता मुख्य गोष्ट. हा कातळ भरतीला पाण्याखाली जातो आणि एका बाजूला उभा डोंगर असल्यामुळे पळायला जागा नाही. लोक वाहून गेलेत तिथे, पाट्या लावल्यात त्या उगाच नाहीत. माझ्या सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्यांदा नेलं तेव्हा आधी कालनिर्णय काढून तिथी बघितली होती. हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाच्या पुढेमागे भरती, मग दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी भरती आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास ओहोटी. पौर्णिमेनंतर परत प्रतिपदेपासून एक मोजायचं. हा कच्चा हिशोब आहे, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, त्यामुळे मोबाईलवर टाइड टेबल बघाच आणि देवळापाशी दुकानवाल्यांना पण विचारा, ते खरं सांगतात.

मी तुमच्या जागी असते तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा दिवस धरला असता, कारण उधाणाच्या दिवसांत भरती जशी मोठी येते तशी ओहोटीलाही पाणी खूप लांब जातं, भरपूर कातळ उघडा पडतो आणि सूर्यास्तही तिथूनच दिसतो. साडेचारला निघा, घाई नको. पाणी चढायला लागलंय असं वाटलं तर "थोडंसंच राहिलंय" म्हणून पुढे जाऊ नका. पावसाळ्यात तर या वाटेचं नावच काढू नका, वरून दर्शन घ्या आणि या.

आईवडिलांचे गुडघे कसे आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. चढण्यापेक्षा त्या घळीतलं उतरणं जास्त त्रासाचं आहे. चपला नकोत, ग्रिप असलेले बूट घाला आणि हिरवं शेवाळ दिसलं की त्यावर पाय नाही. गुडघे दुखत असतील तर त्यांना किनाऱ्याच्या बाजूनेच थोडं कातळापर्यंत न्या, लाटा आणि ती जाळी तिथूनही बघता येते, हट्टाने पूर्ण फेरी करायची काही गरज नाही.

पुण्याहून ताम्हिणी, माणगाव, म्हसळा असं या, थांबत थांबत पाच तास धरा. घरगुती खाणावळीत उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगून ठेवा.

आणि दुसऱ्या दिवशी बागमांडल्याहून फेरीबोटीने गाडीसकट वेशवीला उतरून बाणकोट किल्ल्यावर जा. गाडी पार दरवाज्याजवळ जाते, त्यामुळे आईवडिलांना त्रास नाही. महाबळेश्वरला उगम पावलेली सावित्री तिथे समुद्राला मिळते आणि पलीकडे हरिहरेश्वरचा डोंगर दिसतो, आदल्या दिवशी आपण कुठून चाललो ते तटावरून बोटाने दाखवता येतं. माझे सासरे तिथे तासभर नुसते बसून राहायचे. फक्त परतीची शेवटची फेरी किती वाजता आहे ते जातानाच विचारून घ्या.