बदनामी, निंदा आणि चहाडी : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : 'त्याला बदनामी केली' की 'त्याची बदनामी केली'?
त्याची. 'बदनाम' हे विशेषण वापरलेत, तर मात्र 'त्याला बदनाम केले'.

प्रश्न : निंदा, चहाडी, नालस्ती, बदनामी हे सगळे एकच ना?
नाही. चहाडी वरिष्ठाच्या कानावर घालतात आणि ती खरीही असू शकते. नालस्तीत समोरच्याला कमी लेखणे असते. निंदा माणसाची होते तशी कृत्याचीही होते. बदनामी व्हायला आधी नाव लागते. हल्ल्याची निंदा करता येते, बदनामी नाही.

प्रश्न : शेत 'निंदणे' म्हणजे गवताला नावे ठेवणे, असा संदेश आला. खरे आहे?
शेत निंदणे म्हणजे तण काढणे, खुरपणी. नावे ठेवण्याचा इथे काही संबंध नाही. असले संदेश पुढे ढकलण्याआधी व्युत्पत्तिकोश उघडावा, नाहीतर जाणकाराला विचारावे.

प्रश्न : नोटिशीचा तयार मसुदा विकत घेतला. त्यात 'निंदानालस्ती करून बदनामी व मानहानी केली' असे आहे. यातले कोणते क्रियापद ठेवू?
असे मसुदे विकणारे शब्दांची रास घालतात आणि नेमके तेवढे वगळतात : समोरचा बोलला काय? तुमच्या कामाचे क्रियापद आहे 'म्हणाला', 'लिहिले' किंवा 'पाठवले'. मूळ वाक्य जसेच्या तसे अवतरणचिन्हांत घ्या, शिवीसकट. चिन्हे गाळलीत की घोटाळा होतो. 'मी पैसे खातो असे तो म्हणाला' यात खाणारा कोण, तुम्ही की तो? ''हा पैसे खातो' असे तो म्हणाला' असे लिहिले की शंका उरत नाही. मग तारीख, ठिकाण आणि ऐकणाऱ्यांची नावे. ऐकणारे महत्त्वाचे, कारण फक्त तुमच्याच तोंडावर बोलला असेल तर तो अपमान. बदनामीला तिसरा कान लागतो. भारतीय दंड संहितेची कलमे 499 व 500 छापलेला मसुदाही तपासा. 1 जुलै 2024 पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहितेचे कलम 356 लागते. आणि शब्द घासत बसू नका : नुकसानभरपाईच्या दाव्याची मुदत एक वर्षाची आहे. कागद आजच वकिलाला दाखवा.

प्रश्न : 'मानहानी' लिहू की 'बेअब्रू'?
'मानहानी'. तरी वकील वापरतील तोच शब्द शेवटपर्यंत ठेवा.

प्रश्न : 'चरित्रहनन' बरोबर का?
नाही, 'चारित्र्यहनन'. चरित्र म्हणजे जीवनकथा.