टायमिंगची सुरुवात हेड उतरवण्याआधी होते

प्रिय शिकाऊ मित्रास,

अनेक आशीर्वाद.

हेड (सिलिंडरांवर बसणारा, व्हॉल्व्ह असलेला भाग) बदलण्याचे पहिले काम तुझ्याकडे आले आहे आणि नवा बेल्ट चढवताना टायमिंग, म्हणजे क्रँक (पिस्टनांनी फिरणारा दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांचा मेळ, कसे लावायचे, एवढेच तू विचारले आहेस. मी थोडे आधीपासून सांगतो, कारण ओव्हरहेड कॅमच्या, म्हणजे कॅम हेडवरच असलेल्या, इंजिनात टायमिंगचे निम्मे काम जुना बेल्ट जागेवर असतानाच करून ठेवायचे असते.

क्रँकच्या पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने फिरव आणि एक नंबरचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या (हवा दाबली जाण्याच्या) टीडीसीवर, म्हणजे अगदी वरच्या टोकाला, आण. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो. म्हणून क्रँकची खूण दोन वेळा जुळते, पण त्यांतली एकच वेळ कॉम्प्रेशनची असते. प्लगच्या भोकावर अंगठा धरलास, तर ज्या फेऱ्यात आतली हवा अंगठा उचलू पाहते, तो फेरा आपला. खुणा पुसून स्वच्छ कर, फोटो काढ आणि मॅन्युअलमधल्या चित्राशी ताडून पाहा. बेल्टवर रंगाने स्वतःच्या खुणा करायलाही हरकत नाही. मात्र जुना बेल्ट आधीच एक दात चुकलेला असेल, तर त्या खुणा ती चूक नव्या बेल्टवर जशीच्या तशी उतरवतील, म्हणून कंपनीच्या खुणांनाच प्रमाण मान.

कॅम बसवलेले हेड टेबलावर कधीही पालथे ठेवू नकोस. कोणते ना कोणते व्हॉल्व्ह नेहमी उघडे असतात, ते हेडच्या पृष्ठभागाच्या बाहेर आलेले असतात आणि साऱ्या हेडचे वजन त्यांच्यावर येते. याच कारणाने हेड ब्लॉकवर उतरवण्यापूर्वी क्रँक पाव फेरा मागे घेऊन चारही पिस्टन सिलिंडरच्या मध्यावर आणून ठेवणे मला सुरक्षित वाटते. हेड आवळून झाले, की आधी कॅम खुणेवर आणायचा आणि मगच क्रँक त्याच वाटेने टीडीसीवर परत न्यायचा. तुझ्या इंजिनाच्या मॅन्युअलने निराळा क्रम दिला असेल, तर तोच पाळ. बोल्टची भोके कोरडी कर, कारण बंद भोकात तेल साचले असेल तर आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. बोल्ट मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने आवळ, आणि कोनाने (ठरलेले अंश फिरवून) आवळायचे बोल्ट नवेच घाल.

हेडला प्लेन मारले, म्हणजे त्याचा तळ घासून सपाट केला असेल, तर कॅम क्रँकच्या किंचित जवळ येतो आणि व्हॉल्व्ह टायमिंग किंचित मागे पडते. हा फरक एका दातापेक्षा फारच लहान असतो, तेव्हा तो भरून काढण्यासाठी बेल्ट एक दात सरकवण्याच्या मोहात पडू नकोस.

बेल्ट चढवताना क्रँकपासून सुरुवात कर आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) नसलेली, म्हणजे ओढीची, बाजू ताठ ठेवून वर जा. जी काही ढील उरेल ती टेन्शनरच्या बाजूलाच आली पाहिजे. शिकत असताना माझ्याकडून नेमकी इथेच चूक झाली. मी ओढीच्या बाजूला थोडी ढील राहू दिली, खुणा जुळलेल्या पाहिल्या आणि टेन्शनर सोडून दिला. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले, म्हणून मी निश्चिंत झालो. गाडी दोन दिवसांत परत आली, कारण चढावर ती ओढतच नव्हती. कव्हर उघडले, तर कॅम एक दात मागे. एक दात ऐकायला किरकोळ वाटतो, पण कॅमच्या चाकाला 40 दात असतील, तर एक दात म्हणजे कॅमचे 9 अंश आणि क्रँकचे 18 अंश. त्या इंजिनात व्हॉल्व्ह पिस्टनला लागले नाहीत, हे माझे नशीब. पुष्कळ इंजिनांत एवढी सूट नसते.

म्हणून टेन्शनर बसवल्यावर, प्लग काढलेलेच ठेवून, क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे नेहमीच्या दिशेने फिरव, पुन्हा टीडीसीवर आण आणि खुणा नव्याने पाहा. टायमिंगची खात्री या दोन फेऱ्यांनंतरच होते, कारण ओढीच्या बाजूची लपलेली ढील फिरताना टेन्शनरकडे सरकते आणि चुकलेला दात उघडा पडतो. चेनच्या इंजिनात रंगीत कड्या मात्र या फेऱ्यांनंतर खुणेसमोर येत नाहीत. त्या फक्त चेन चढवतानाच्या उपयोगाच्या असतात, त्यामुळे तिथे चाकांच्या खुणा पाहायच्या. फिरवताना पाना एकाएकी कडक अडला, तर जोर लावू नकोस आणि स्टार्टर मारून पाहू तर मुळीच नकोस. बेल्ट उतरव आणि सगळे पुन्हा लाव. हाताने अडलेला व्हॉल्व्ह बहुधा वाचतो, स्टार्टरने ढकललेला वाकतो.

दोन फेऱ्यांनंतर खुणा कुठे आल्या, ते कव्हर बसवण्यापूर्वी मला फोटोसह कळव.

तुझा,
जुना मेकॅनिक