रोबो आणण्याआधी

ऑटिझम (स्वमग्नता) असलेल्या मुलाला खेळातून संवादाचा सराव देण्यासाठी रोबो आणताय? मग सुरुवात यंत्रापासून नको, मुलापासून करा. त्याला कोणता आवाज सहन होत नाही, लुकलुकते दिवे त्रास देतात का, हे आधी पाहा. ब्रिटनच्या हर्टफर्डशायर विद्यापीठाने घडवलेल्या 'कास्पर' रोबोचा चेहरा मुद्दाम साधा आहे; हावभाव मोजके, त्यामुळे मुलाला अंदाज बांधता येतो. पण रोबोशी रमणारं मूल माणसांशीही तसंच वागेल असं धरू नका. खेळात तुम्हीही भिडू व्हा, आपली पाळी घ्या. बोलत नसलेल्या मुलासाठी मात्र मी रोबोआधी चित्रांवर बोट ठेवून बोलायचं टॅबलेटवरचं ॲप सुचवेन, स्पीच थेरपिस्टच्या सल्ल्यानेच. आणि शिक्षा म्हणून ते कधीही काढून घेऊ नका, तो त्याचा आवाज आहे! मुलाने तोंड फिरवलं, तर तिथेच थांबा.