दादरच्या प्रत्येक गल्लीतून एकदा तरी जाऊन परत येणारा कचरागाडीचा सर्वात छोटा फेरा कसा काढायचा? यात गणितज्ञ जॅक एडमंड्स यांचं काम कुठे लागतं?

आधी नाके बिंदू आणि गल्ल्या रेषा धरून आलेख काढा. ज्या नाक्यांना विषम संख्येने गल्ल्या मिळतात तेवढेच निवडा. त्यांची संख्या नेहमी सम असते. त्यांच्या जोड्या अशा लावा की जोड्यांमधल्या अंतरांची बेरीज कमीत कमी होईल. प्रत्येक जोडीमधले सर्वात छोटे रस्ते तेवढे दोनदा चालायचे; मग प्रत्येक नाक्याला सम संख्या मिळते आणि फेरा पूर्ण जुळतो.

अंतर रस्त्यानेच मोजा. रुळांच्या अलीकडचा-पलीकडचा नाका नकाशात चिकटलेला दिसतो, पण गाडीला टिळक पुलावरून वळसा पडतो.

जवळचे दोन आधी जोडत गेलात तर शेवटी उरलेले दोन लांब पडू शकतात आणि सगळी बचत जाऊ शकते. सगळ्या जोडण्या तपासणंही अशक्य: 20 नाक्यांना 65 कोटींहून जास्त. जॅक एडमंड्स यांनी 1965 मध्ये विषम चक्र (विषम संख्येच्या बिंदूंचं बंद कडं) आकुंचित करून एकच बिंदू मानायची युक्ती दिली, आणि हे जोड्या लावायचं काम बहुपदी वेळात, म्हणजे नाके वाढले तरी आवाक्यात राहील अशा वेळात, होऊ लागलं. फार सुंदर कल्पना आहे, सिद्धता जरूर वाचा.

मात्र काही रस्ते वन-वे, काही दुहेरी असतील तर हा प्रश्न एनपी-हार्ड होतो, म्हणजे त्यासाठी अशी वेगवान पद्धत माहीत नाही. तिथे पूर्णांक प्रोग्रॅमिंगचा सॉल्व्हर (पूर्ण संख्यांमध्ये सर्वोत्तम उत्तर शोधणारं सॉफ्टवेअर) वापरा.