वाघोलीतला फ्लॅट विकू की भाड्याने ठेवू?

तुम्ही लिहिलंय की वाघोलीत गुंतवणूक म्हणून टू बीएचके घेतला, 44 लाखांचं कर्ज बाकी आहे, हप्ता 38 हजार आणि भाडं 19 हजार. आता शेजारच्या विंगमधला फ्लॅट तुमच्या खरेदीपेक्षा स्वस्तात गेला म्हणून विकावा का, असं विचारताय.

तो भाव थोडा बाजूला ठेवा आणि आधी वर्षाचा हिशोब मांडा. बहुतेक जण हप्त्यातून भाडं वजा करतात, तिथेच चुकतं. हप्त्यातली मुद्दल तुमचीच फिटतेय, खर्च म्हणायचा तो व्याजाचा. साडेआठ टक्क्यांनी या वर्षीचं व्याज साधारण 3 लाख 70 हजार होतं. भाडं अकरा महिन्यांचंच धरा, कारण भाडेकरू बदलताना एखादा महिना जातोच. म्हणजे 2 लाख 9 हजार. त्यातून मेंटेनन्स, मिळकतकर, एजंट, रंगकाम असे साठ-पासष्ट हजार गेले की हातात राहतात जेमतेम 1 लाख 45 हजार. भाव जागचा हलला नाही तरी तुम्ही वर्षाला सव्वादोन लाख घालताय. फ्लॅट 60 लाखांचा धरला, तर नुसती बरोबरी साधायला भाव दर वर्षी पावणेचार टक्के वाढायला हवा.

यात दोन गोष्टी लोक विसरतात. पुणे महापालिकेची मिळकतकरातली 40 टक्के सवलत स्वतः राहणाऱ्यालाच आहे, आणि भाडेकरू ठेवला की सोसायटी सेवा शुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत बिनभोगवटा शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा आकार, लावू शकते. शिवाय नव्या करप्रणालीत घराचा तोटा, म्हणजे भाड्यापेक्षा जास्त गेलेलं व्याज, पगारातून वजा होत नाही, त्यामुळे ‘टॅक्स तरी वाचतो’ हे तुमच्या बाबतीत खरं आहे का ते तपासा.

माझा वाकडचा फ्लॅट 2020 मध्ये रिकामा झाला. हिंजवडीतली पोरं लॅपटॉप घेऊन गावी गेली होती. मी 21 हजारांवर अडून बसलो आणि पाच महिने कुलूप राहिलं, 1 लाख 5 हजार बुडाले. शेवटी साडेसोळाला दिला. नंतर गणित केलं तेव्हा फार वाईट वाटलं. एक महिना रिकामा म्हणजे वर्षभर महिना 1,750 रुपये कमी घेतल्यासारखंच. पहिल्याच महिन्यात 19 हजारांना दिला असता तर बरंच वाचलं असतं. म्हणून तुमच्याकडे भाडं हजार-दीड हजाराने कमी करून चांगलं कुटुंब टिकत असेल, तर टिकवा.

वाघोलीला भाडेकरू खराडीच्या आयटी पार्कमुळे आणि तिथल्या कॉलेजांमुळे मिळतो, ते गिऱ्हाईक एका रात्रीत जाणार नाही. पण नगर रस्त्याची कोंडी आणि पाणी या दोन गोष्टी तो आधी विचारतो. तुमची सोसायटी टँकरवर असेल तर एप्रिल-मेची बिलं काढून बघा, ती मेंटेनन्समध्ये येतातच. आणि वॉचमनला विचारा, रिकामे फ्लॅट किती दिवस रिकामे राहतात. मी तरी शेजारच्या विक्रीच्या भावापेक्षा त्या उत्तराला जास्त वजन देईन.

महिन्याची तूट पगारातून सहज निघत असेल आणि हाताशी सहा महिन्यांचे हप्ते असतील, तर घाईने पडत्या भावात विकू नका. तूट क्रेडिट कार्डावर किंवा मुलांच्या फीमधून भागत असेल, तर मात्र तोटा सोसूनही विका, मी माझ्या भावालाही हेच सांगितलं असतं. विक्रीतला तो तोटा दीर्घ मुदतीचा असेल, म्हणजे फ्लॅट दोन वर्षांपेक्षा जास्त तुमच्याकडे असेल, तर पुढची 8 वर्षं दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्यातून वजा करता येतो, त्यासाठी विवरणपत्र मात्र मुदतीत भरा.

तुमचा भाडेकरार मार्चमध्ये संपतोय. राहणार की जाणार, हे भाडेकरूला याच आठवड्यात विचारून घ्या.